बारा वर्षांचें वय आणि देवाची हाक

जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें एक लहानसें गांव आहे. शके १५३० मध्यें, म्हणजे इसवी सन १६०८ सालीं, रामनवमीच्या दिवशीं येथील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरीं एक मुलगा जन्मला व त्याचें नांव नारायण ठेवण्यांत आलें. हा नारायण बारा वर्षांचा झाला तेव्हां घरच्या माणसांनीं त्याचें लग्न ठरविलें, अंतरपाट धरला गेला, आणि भटजींच्या तोंडून 'सावधान' हा शब्द निघतांच नवरदेव बोहल्यावरून उठून पळाला, ही कथा महाराष्ट्रांतील बहुतेक प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती अक्षरशः अशीच घडली किंवा काय, हा संशोधकांचा प्रश्न होय. परंपरेनें ती जपली याचें कारण निराळें आहे. जो शब्द मांडवांतील सारी मंडळी केवळ विधीचा भाग म्हणून ऐकत होती, तो एका मुलानें आपल्याला उद्देशून उच्चारलेला म्हणून ऐकला. पुढें समर्थ रामदास या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या या मुलाच्या आईचें मागें काय झालें, हेंही परंपरा विसरलेली नाहीं. मुलगा कैक वर्षांनीं परत येऊन भेटला, तोंपर्यंत रडून रडून राणूबाईंची दृष्टि गेली होती, असें ती सांगते.

त्याच जिल्ह्यांत, खुद्द जालना शहरापासून थोड्या अंतरावर, दुसऱ्या एका नारायणाची खूण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या अमदानींत मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नांवाचें ख्रिस्ती खेडें वसविलें. शेषाद्रि हे जन्मानें ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकत असतां, १८४३ सालीं, त्यांनीं रॉबर्ट नेस्बिट या पाद्र्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरीं जाऊन राहिला. श्रीपताचें वय बारा वर्षांच्या सुमाराचें होतें. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मुलगा अज्ञान आहे, सबब तो बापाच्या स्वाधीन करावा, असा हुकूम दिला. श्रीपत घरीं आला खरा. परंतु घर पूर्वीसारखें उघडें राहिलें नव्हतें. मिशनच्या घरीं त्यानें अन्नपाणी घेतलें होतें, म्हणून त्याची जात गेली असें जातवाले म्हणूं लागले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें म्हणून पुढाकार घेतला, आणि त्यावरून शास्त्रीमंडळींत मोठें वादळ उठलें.

दोन मुलें, दोन्हीं बारा वर्षांचीं, आणि दोघांचें म्हणणें एकच कीं, आपल्याला हाक आली आहे. एकाचें म्हणणें समाजानें संतचरित्राचा आरंभ म्हणून शिरोधार्य मानलें. दुसऱ्याचें म्हणणें कोर्टानें निर्णायक मानलें नाहीं. कोर्ट चुकलें असें सहसा म्हणतां येणार नाहीं. बारा वर्षांच्या मुलाच्या शब्दावर त्याला आईबापांपासून तोडणें कोणत्याही कायद्याला शोभणार नाहीं. तथापि मांडवांतून पळालेल्या मुलाला जर कोणी धरून कोर्टापुढें उभें केलें असतें, तर त्यालाही हाच न्याय मिळाला असता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

शेषाद्रि यांचें मिशन प्रॉटेस्टंट होतें. परंतु त्यांच्या घरांत उठलेला प्रश्न कोणत्याही एका पंथाचा नव्हे, आणि जालन्याच्या आसपासच्या कॅथॉलिक मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकापुढें तो आजही दर आठवड्यास उभा राहतो. या भागांतील कॅथॉलिक समाज संख्येनें लहान आहे. फ्रान्सच्या सीमेवरील सॅव्हॉय प्रांतांतून संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी १८४६ सालीं विशाखापट्टणास आले. त्यांचें कार्यक्षेत्र हळूहळू मध्य हिंदुस्थानांत पसरलें. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यांतून १९५५ सालीं अमरावतीचा आणि अमरावतींतून १९७७ सालीं औरंगाबादचा. औरंगाबाद शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. जालना जिल्हा याच औरंगाबाद धर्मप्रांतांत मोडतो. मराठवाड्यांतील कॅथॉलिक घराण्यांपैकीं पुष्कळशीं भूमिहीन शेतमजुरांचीं आहेत. त्यांच्या आज्यापणज्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें हा धर्म स्वीकारला. या मुलांच्या घरीं बोली मराठीच, सण-उत्सवांचें वातावरण शेजाऱ्यांचेंच, आणि समर्थांची गोष्टही त्यांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेली. तेव्हां हाक ऐकून घर सोडणारा मुलगा ही कल्पना शिक्षकाला परदेशांतून आणावी लागत नाहीं.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत या संदर्भांत दोन शब्द वारंवार येतात: शिष्यत्व आणि पाचारण. बाहेरच्या माणसास ते एकाच अर्थाचे वाटतात, आणि खुद्द कॅथॉलिक घरांतही त्यांची सरमिसळ होते. म्हणून प्रथम त्यांतील भेद पाहणें इष्ट आहे.

शिष्य म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गुरुकुल उभें राहतें. हातांत समिधा घेऊन शिष्य गुरूच्या दारीं जातो. गुरु त्याची पारख करतो आणि मग त्याला जवळ करतो. शुभवर्तमानांत हा क्रम उलटा झालेला आहे. तेथें गुरूच गालील सरोवराच्या कांठीं जातो व जाळीं टाकीत आणि सांधीत बसलेल्या कोळ्यांना माझ्या मागें या असें सांगतो. त्यांची परीक्षा नाहीं, अधिकार पाहणें नाहीं. कॅथॉलिक शिकवणुकीप्रमाणें ही हाक स्नानसंस्कारानेंच, म्हणजे ज्याला बाप्तिस्मा म्हणतात त्या विधीनेंच, प्रत्येकाला पोंचते. तेव्हां तान्हें मूलसुद्धां शिष्य होय. त्यापुढें त्याला शिकवायचें तें एवढेंच कीं, शिष्यानें कसें वागावें: प्रार्थना करावी, खोटें बोलूं नये, शेजाऱ्याला आपल्यासारखेंच लेखावें, दुखावलें त्याची क्षमा मागावी. सात वर्षांच्या मुलाला यांतील कांहींच न समजण्यासारखें नाहीं. म्हणूनच पोप दहावे पायस यांनीं १९१० सालीं आज्ञा काढून, मुलाला बरें-वाईट कळूं लागलें, म्हणजे सातव्या वर्षाच्या सुमारास, कीं त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद द्यावा असें ठरविलें. त्यापूर्वीं कित्येक देशांत त्यासाठीं दहा-बारा वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ थांबावें लागे.

येथें कोणीही विचारील कीं, ज्याला बोलतां येत नाहीं त्याला शिष्य करून टाकणें हें स्वातंत्र्याशीं कसें जुळतें? याला ठराविक उत्तर दिलें जातें तें मातृभाषेच्या दृष्टांताचें. मातृभाषा कोणी निवडून घेत नाहीं. आई ज्या भाषेंत बोलते ती मुलाची होते, आणि तींतूनच तें पुढें स्वतःचे विचार मांडूं लागतें. दृष्टांत चांगला आहे, पण पुरता नाहीं. भाषा कोणाकडून शपथ घेवीत नाहीं, धर्म घेवितो. ही उणीव चर्चच्या ध्यानांत नव्हती असें नाहीं. दृढीकरण नांवाचा जो संस्कार मुलगा जाणता झाल्यावर होतो, त्या वेळीं तान्हेपणीं आईबापांनीं व धर्ममातापित्यांनीं त्याच्या वतीनें दिलेलीं वचनें तो स्वतःच्या तोंडानें उच्चारतो.

पाचारण ही गोष्ट निराळी. शिष्य तर सगळेच. पण या शिष्यानें आयुष्य कोणत्या रीतीनें घालवावें, या प्रश्नाचें नांव पाचारण. विवाह करून संसार करावा, कीं धर्मगुरु व्हावें, कीं ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें घेऊन एखाद्या संघांत धर्मबंधु अथवा धर्मभगिनी म्हणून राहावें? १९६२ ते १९६५ या काळांत रोम येथें भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें निःसंदिग्धपणें सांगितलें कीं, पावित्र्याची हाक सर्वांना सारखी आहे. संसारी माणसाला खालची आणि संन्याशाला वरची असा तींत भेद नाहीं. असें असूनही 'पाचारण' शब्द उच्चारला कीं घराघरांतून धर्मगुरु आणि सिस्टर एवढेच डोळ्यांपुढें येतात. पोप सहावे पॉल यांनीं १९६४ सालीं सुरू केलेला पाचारणासाठीं प्रार्थनेचा दिवस दरवर्षीं पुनरुत्थानकालाच्या चौथ्या रविवारीं येतो. त्या दिवशीं एखाद्या वर्गांत शिक्षकानें धर्मगुरु कोण होणार असें विचारलें, आणि चाळिसांतून दोन हात वर झाले, तर उरलेल्या अडतीस मुलांनीं त्यांतून काय घ्यावें? आपल्याला देवानें बोलावलेंच नाहीं, असेंच तीं समजणार. हा धडा कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं, परंतु एका निष्काळजी प्रश्नानें तो शिकविला जातो. ऊंस तोडणाऱ्या बापाची मुलगी नर्स होते, किंवा एखादा मुलगा जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत कामाला लागून म्हाताऱ्या आईला सांभाळतो, यांत पाचारण आहे कीं नाहीं, याचें उत्तर त्या अडतिसांना मिळालें पाहिजे.

धर्मशिक्षणाची जुनी रीत प्रश्नोत्तरांची. मराठी मुलुखाच्या अंगानें तिचा इतिहास फार मागें जातो. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, हें मराठी वाचकांस परिचित आहे. जांबचा नारायण त्या सुमारास आठ वर्षांचा होता. याच स्टीफन्स यांनीं मुलांसाठीं व नवख्रिस्त्यांसाठीं कोंकणींत एक प्रश्नोत्तररूप धर्मतत्त्वांचें पुस्तक लिहिलें, आणि तें त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १६२२ सालीं, प्रसिद्ध झालें. या पद्धतीचा गुण असा कीं, अक्षरशत्रु मुलालाही थोडक्यांत सारें मुखोद्गत होतें. देव किती? आज्ञा किती? संस्कार किती? प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर, आणि तें सर्वांसाठीं सारखें. परंतु पाचारणाचा प्रश्न या सांच्यांत बसत नाहीं. 'मी काय व्हावें?' याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत छापलेलें असूं शकत नाहीं, आणि शिक्षकालाही तें ठाऊक नसतें. वर्गांतील हा एकच प्रश्न असा कीं, ज्याचें उत्तर शिक्षकानें देऊं नये.

म्हणून येथें प्रश्नोत्तरें बाजूला ठेवून गोष्टी सांगाव्या लागतात. बायबलांत या कामीं उपयोगीं पडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्या सांगतांना सोईस्कर तेवढाच भाग सांगण्याचा मोह फार. शमुवेलाची गोष्ट घ्या. शिलो येथील मंदिरांत म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखालीं हा मुलगा वाढत होता. रात्रीं निजला असतां कोणी नांवानें हाक मारली. एलीनेंच बोलावलें असें समजून तो धांवत गेला. एली म्हणाला, मीं हाक मारली नाहीं, जाऊन नीज. असें तीनदां झालें, तेव्हां म्हाताऱ्याच्या ध्यानांत आलें कीं हाक देवाची आहे; आणि पुन्हां ऐकूं आली तर कसें उत्तर द्यावें हें त्यानें मुलाला सांगितलें. बहुतेक शिक्षक गोष्ट येथें संपवितात. मुलांनीं देवाची हाक ऐकावी, एवढा बोध त्यांना पुरतो. मूळ कथा मात्र थांबत नाहीं. देवानें त्या मुलाला जो पहिला निरोप दिला, तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता, कारण एलीनें आपल्या दुराचारी मुलांना आवरलें नव्हतें. सकाळीं मुलगा तो निरोप सांगायला भ्याला. एलीनें खोदून विचारलें, आणि ऐकून घेऊन तो मान्य केला. मुलाला ऐकायला शिकविणाऱ्या वडीलधाऱ्यानें यांतला धोका ओळखून असावें. खरोखरच ऐकूं लागलेलें मूल शिक्षकाला हवें तेंच ऐकेल, याची हमी नाहीं.

जब्दीच्या दोन मुलांची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. याकोब आणि योहान हांक येतांच होडी सोडून निघाले, हें प्रत्येक मुलाला पाठ असतें. पण संत मार्क यांनीं एक बारीकसा तपशील नोंदून ठेवला आहे: बाप जब्दी त्याच होडींत चाकरमाणसांबरोबर मागें राहिला. त्यानें काय म्हटलें तें लिहिलेलें नाहीं. वर्गांत बसलेल्या मुलांचे बाप हे आजचे जब्दी होत. मराठवाड्यांतून दसऱ्याच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं साखर कारखान्यांच्या भागांत जातात, तीं उन्हाळा लागतां लागतां परततात. अशा घरांत कोयता धरणारे दोन हात कमी होणें ही लहानसहान बाब नव्हे. मुलगा धर्मगुरु झाला म्हणजे घराला मान मिळतो. पण म्हातारपणीं भाकरी कोण देणार, हा प्रश्न मानानें सुटत नाहीं. पालकांनीं तो विचारला तर त्यांची श्रद्धा कमी आहे असा अर्थ काढणाऱ्याला जब्दीची होडी दिसलेली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. गरीब घरांतल्या मुलाला सेमिनरी, म्हणजे धर्मगुरु तयार करण्याची संस्था, हा शिक्षणाचाही मार्ग दिसतो. तेथें पोटभर जेवण आहे, पुस्तकें आहेत, इंग्रजी आहे. तेव्हां हाक कोणाची, देवाची कीं भुकेची, हें मुलाला स्वतःलाही सांगतां येणार नाहीं. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं; माणसाच्या मनांत हेतु नेहमींच मिसळलेले असतात. लाजिरवाणें होईल तें, वडीलधाऱ्यांनीं ही भेसळ दिसत असतां न दिसल्यासारखें करणें.

चर्चनें वयाविषयीं काय नियम केले, हा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें प्रत्येक बिशपानें सेमिनरी काढावी असें ठरविलें, तेव्हां तींत घ्यावयाच्या मुलांचें वय निदान बारा वर्षांचें असावें, आणि विशेषेंकरून गरिबांचीं मुलें निवडावीं, असें सांगितलें. पुन्हां तेंच बारा वर्षांचें वय! त्याच धर्मसभेनें त्याच सालीं आणखी दोन नियम केले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. सोळा वर्षें पुरीं झाल्यावांचून व एक वर्षाची परीक्षा झाल्यावांचून कोणाचेंही व्रत ग्राह्य धरूं नये, हा एक. दुसरा अधिक कडक: एखाद्या मुलीला जो कोणी तिच्या इच्छेविरुद्ध मठांत ढकलील, तो बहिष्कृत समजावा, आणि जी आपखुषीनें जाऊं पाहते तिला जो विनाकारण अडवील, तोही. हुंडा वांचविण्यासाठीं मुलींना मठांत धाडण्याची चाल त्या वेळच्या युरोपांतील बड्या घराण्यांत होती, तिच्यावर हा प्रहार होता. नियम झाला म्हणून चाल लगेच बंद पडली नाहीं, हें वेगळें सांगायला नको.

१८८७ सालीं फ्रान्समधील तेरेझ मार्तें नांवाची चौदा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर रोमला गेली आणि पोप तेरावे लिओ यांच्या पायांशीं बसून, आपल्याला कार्मेल मठांत आतांच प्रवेश मिळावा अशी तिनें विनवणी केली. पोपांनीं होकार दिला नाहीं. स्थानिक वरिष्ठ ठरवितील तसें कर, असेंच सांगितलें. पुढील वर्षीं एप्रिलांत तिला प्रवेश मिळाला. लिझ्यूची संत तेरेझा म्हणून तिचें नांव पुढें जगभर झालें. तिच्या बाबतींत थांबवून ठेवण्यानें हाक विरली नाहीं. आणि ज्यांच्या बाबतींत विरते, त्यांचें थांबणें तर दुप्पट उपयोगाचें.

या इतिहासांत एक पान असें आहे कीं, श्रीपत शेषाद्रीची हकीकत ऐकलेल्या माणसानें तें उलटल्यावांचून राहूं नये. १८५८ सालीं, पोपांच्या राज्यांतील बोलोन्या शहरांत, मोर्तारा नांवाच्या यहुदी कुटुंबाचा एदगार्दो हा सहा वर्षांचा मुलगा शिपायांनीं घरांतून नेला. तान्हेपणीं तो आजारी असतां घरच्या ख्रिस्ती मोलकरणीनें गुपचूप त्याच्यावर स्नानसंस्काराचें पाणी घातलें होतें. म्हणून तो ख्रिस्ती झाला, आणि ख्रिस्ती मुलाला यहुदी आईबापांकडे ठेवतां येत नाहीं, असा कायदा दाखविण्यांत आला. आईबापांनीं आक्रोश केला, युरोप-अमेरिकेंतून निषेध झाला. पोप नववे पायस यांनीं मुलगा परत दिला नाहीं. एदगार्दो पुढें स्वतः धर्मगुरु झाला आणि १९४० सालीं मरेपर्यंत धर्मगुरुच राहिला. तो सुखी होता, असें त्याचें स्वतःचें म्हणणें होतें. परंतु सहाव्या वर्षीं ज्याच्यापुढून दुसरी वाट काढून घेतली, त्याच्या या म्हणण्याचें वजन किती धरावें? मुंबईच्या कोर्टानें श्रीपताचें ऐकलें नाहीं, पण त्याला आईबापांकडे धाडलें. बोलोन्यांत मुलाचेंही ऐकलें नाहीं आणि आईबापांचेंही नाहीं.

शंभर वर्षांनंतर चर्चची भूमिका उघडपणें बदललेली दिसते. ७ डिसेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, आणि मुलाला कोणतें धार्मिक शिक्षण द्यावें हें ठरविण्याचा हक्क आईबापांचा आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें. १९८३ सालच्या धर्मनियमसंग्रहांत २१९ वें कलम असें आहे कीं, आयुष्याची स्थिति निवडतांना प्रत्येक ख्रिस्ती माणसाला कोणत्याही जबरदस्तीपासून मुक्त राहण्याचा अधिकार आहे. वयाचे आंकडेही पुढें सरकले: संघांत उमेदवार म्हणून प्रवेश सतरा वर्षें पुरीं झाल्यावर, तात्पुरतीं व्रतें अठरानंतर, आजन्म व्रतें एकविसानंतर, आणि धर्मगुरुदीक्षा पंचविसानंतर. भारताच्या संविधानानेंही २८ व्या कलमांत शाळांपुरती एक मर्यादा घालून दिली आहे: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणास बसविणें झाल्यास त्याची, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, संमति लागते. मिशनच्या शाळेंत हिंदु, बौद्ध, मुसलमान व ख्रिस्ती मुलें एकाच बांकावर बसतात. तेव्हां पाचारणाच्या गोष्टी कोणाला सांगाव्या व कोणाला सांगूं नयेत, हें शिक्षकाच्या आवडीवर सोडलेलें नाहीं.

सातव्या वर्षीं शिष्य आणि अठराव्या वर्षीं व्रत, यांच्या मध्यें अकरा वर्षें पडतात. धर्मशिक्षणाचें खरें काम याच काळांत आहे, आणि तेंच सर्वांत अवघड आहे, कारण त्यांत दाखविण्यासारखें कांहीं घडत नाहीं. धर्मशिक्षकाला वाटतें, उत्साह आहे तोंवर मुलाला बांधून घ्यावें. पालकाला वाटतें, उत्साह आहे तोंवर विषय टाळावा. दोघांनाही भय एकाच गोष्टीचें असतें, आणि तें म्हणजे मुलाचें स्वतःचें मन. श्रीमंत तरुणाची गोष्ट या दोघांनींही पुन्हां वाचावी. तो ख्रिस्ताकडे आपण होऊन आला, आज्ञा सगळ्या पाळतो म्हणाला, आणि सर्व विकून गरिबांना देऊन मागें ये असें ऐकतांच खिन्न होऊन परत गेला. ख्रिस्तानें त्याच्याकडे प्रेमानें पाहिलें होतें, असें संत मार्क लिहितात. तरीही त्यानें त्याला मागून हाक मारली नाहीं, अट सैल केली नाहीं, आणि जाण्यापासून रोखलेंही नाहीं.

बारा वर्षांच्या मुलाची एक गोष्ट खुद्द येशूचीही आहे, ती संत लूक यांनीं सांगितली आहे. वल्हांडण सणासाठीं आईबापांबरोबर यरुशलेमास गेलेला हा मुलगा परततांना मंडळींत दिसेना. मरिया आणि योसेफ यांना तो तिसऱ्या दिवशीं मंदिरांत सांपडला. पंडितांच्या मध्यें बसून तो त्यांचें ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. आईनें त्याला दोष दिला. त्यानें उत्तर दिलें तें त्या दोघांना समजलें नाहीं, असें लूकच लिहितात. आपण कोणाचे आहों हें त्या मुलाला कळलें होतें, आणि तरी तो उठून त्यांच्याबरोबर नाझरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. त्यानंतर तो उपदेश करूं लागला तेव्हां तिशीच्या सुमाराचा होता. मधल्या अठरा वर्षांविषयीं शुभवर्तमानांत एकही प्रसंग नाहीं.

वर्गांतील मुलें येथें हटकून विचारतात कीं, मग इतकीं वर्षें तो करीत काय होता? शिक्षकाजवळ सांगण्यासारखें एवढेंच असतें कीं, पुढें तो आपल्या गांवीं आला तेव्हां गांवकऱ्यांनीं त्याला ओळखलें तें सुतार म्हणून.